वहिनीची ‘दोनजणी’

माझी वहिनी कामाबद्दल बोलायला लागली की ऐकणाऱ्यानं चहा गार होणार हे धरूनच चालावं. आमच्या हॉस्पिटलचा औषधांचा कॉम्प्युटर प्रोग्राम तिनं लिहिलेला, आणि मी तिथलीच नर्स. म्हणजे घरी-दारी सुटका नाही.

त्या सकाळी तर स्वारी हवेतच होती. चिडवायचं असलं की ती मला ‘वन्सं’ म्हणते.

“वन्सं, इकडे बघा. प्रोग्राममध्ये प्रत्येक कामाचा वेगळा तुकडा असतो, त्याला मेथड म्हणतात. तिच्या डोक्यावर खूण लिहिता येते, ती ॲनोटेशन. बाकीच्या तयार मिळतात, ही मात्र माझी स्वतःची.”

पडद्यावर लिहिलं होतं: @दोनजणी.

“जोखमीच्या अठरा कामांवर लावलीये. या खुणा बघणारा तुकडा एकच, माझा पहारेकरी. त्याला खूण दिसली की दुसऱ्या नर्सनं पासवर्ड टाकेपर्यंत तो काम अडवणार. अठरा ठिकाणी तेच तेच लिहीत बसायला नको.”

तिच्या आनंदानं मलाही चेव आला. अकरा वाजता मेट्रनबाई आल्या. त्यांनी आधीच बजावलं होतं, “चाललं तर ठेवू, नाहीतर आपलं रजिस्टरच बरं.” वहिनीची आठ महिन्यांची मेहनत पणाला लागली होती.

चाचणीच्या खोट्या पेशंटला मी एकटीनं इन्सुलिन द्यायचं बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, ‘औषध द्या’.

“दुसरी कुठाय?” मेट्रनबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं आणि त्या उठल्याच. वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. मी सरळ दारात जाऊन उभी राहिले. “बाई, पाच मिनिटं. हात जोडते.”

वहिनी पुटपुटत खालीवर वाचत होती. एकदम तिनं कपाळावर हात मारला. “अगं बाई, टिकवायलाच सांगितलं नाही मी. खूण नुसती लिहून भागत नाही. प्रोग्राम चालू असतानाही ती राहू दे, असं वेगळं सांगावं लागतं. पहारेकऱ्याला बिचाऱ्याला दिसलंच नाही काही.”

चूक एका ओळीची होती. ती ओळ घातली, मी पुन्हा बटण दाबलं आणि लाल पट्टी आली: ‘दुसरी नर्स हवी’. मेट्रनबाईंनी अठराच्या अठरा कामं स्वतः करून पाहिली. एकही सुटलं नाही. “सोमवारपासून वॉर्डात लावा,” त्या म्हणाल्या. त्या गेल्यावर वहिनीनं मला धरून गरगर फिरवलं, आणि मीही फिरले, लाज कसली?

दुसऱ्याच आठवड्यात वॉर्डात माझी धांदल उडालेली, एका आजोबांना इन्सुलिन द्यायचं होतं, आणि तीच लाल पट्टी माझ्यासमोर. मनातल्या मनात वहिनीचा उद्धार करत मी शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला हाक मारली. तिनं पडदा वाचला, माझ्या हातातली सिरिंज उजेडात धरली.

“चार युनिट लिहिलंय गं,” ती हळूच म्हणाली. “हे चाळीस आहे.”

पलंगावरच्या आजोबांनी बाही वर करूनच ठेवली होती. “द्या ना सिस्टर,” ते म्हणाले, “तुमचा हात हलका आहे.”