मध्यंतरातला फोन

उचगावात संयोगिताकाकींची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या धडधडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झालाय, की त्या कुजबुजल्या तरी अर्ध्या गल्लीला ऐकू जातं. पोटात काही ठेवायचा स्वभावही नाही. "ज्वारी ओली हाय, वाळवून आण जा," असं कुणालाही तोंडावर सांगतील. अशा या बाईनं एक गोष्ट मात्र वर्षानुवर्षं कुणाला कळू दिली नव्हती.

त्यांचे यजमान उदयसिंह फौंड्रीत फिटर होते. शांत, नेटका माणूस. लेकीची, अनुजाची, वेणीसुद्धा तेच घालायचे. बघणाऱ्याला हेवा वाटावा असा संसार होता. पण एका रविवारी मटणाचा रस्सा उकळत असताना त्यांनी काकींना समोर बसवलं आणि खाली मान घालून सांगितलं, की आपल्याला बाईची ओढ कधी वाटलीच नाही, पुरुषाचीच वाटते, आणि लग्नाआधी हे आईला सांगायचा धीर झाला नाही.

"आन् मला सांगायचाबी झाला न्हाय," काकी म्हणाल्या. रस्सा करपला. त्यांनी भांडी आपटली, रडल्या, अनुजाला घेऊन नेसरीला माहेरी निघून गेल्या. परत आल्या त्या निर्णय घेऊनच. दोघं कोर्टातून रीतसर वेगळे झाले. उदयसिंह कबनूरला यंत्रमागाच्या कारखान्यात दुरुस्तीच्या कामाला लागले. अनुजा मोठी झाल्यावर तिला त्यांनीच सगळं सांगितलं.

गावानं मात्र आपल्या परीनं कारण शोधलं होतं. काकींचं तोंड! "असल्या बाईपाशी कोण नांदंल?" शेजारच्या शेवंताबाई उघड म्हणायच्या. काकींनी एक शब्द बोलायचा अवकाश, सगळे गप्प झाले असते. पण मग उदयसिंहांना कबनूरला राहणं मुश्कील झालं असतं. काकींचा राग गेला होता असं नाही. पण तो त्यांचा त्यांच्यापाशी होता, गावाच्या हातात द्यायचा नव्हता.

गेल्या वर्षी गल्लीतल्या बायका कोल्हापुरात सिनेमाच्या दुपारच्या खेळाला गेल्या. पोस्टरवर लग्नाचा मांडव होता, म्हणून घरगुती सिनेमा असेल असं सगळ्यांना वाटलं. तासाभरानं पडद्यावरच्या नवऱ्यानं आपल्या मित्राचा हात हातात घेतला आणि थेटरात एकच गलका झाला. मागून शिट्ट्या आल्या. कुणी तोंडानं मुका घेतल्याचा आवाज काढला. एक गृहस्थ बायकापोरांना उठवून बाहेर घेऊन गेले. पडद्यावरची बायको पलंगाच्या कडेला बसून रडायला लागली, तेव्हाही हशा पिकला.

काकी उठून उभ्या राहिल्या.

"ए! ती बाई रडतीया तितं. तुम्हास्नी हसू कशाचं येतंया?"

थेटर चिडीचूप झालं.

मध्यंतरात वडापाव खाताना शेवंताबाई म्हणाल्या, "काय बी म्हण, बाईतच कायतरी कमी असणार. न्हायतर बाप्या असा का वागंल?"

"अहो मावशी, जन्मापासूनच तसं असतं ते," रूपाली म्हणाली. ती गल्लीतली धाकटी सून.

"तुला गं काय म्हाईत?"

काकींनी हातातला वडा तसाच ठेवला, जिन्यापाशी गेल्या आणि उदयसिंहांना फोन लावला.

"अवो, सिनेमाला आलोय. तुमच्यासारख्या माणसाचा हाय. लोक कायबी बोलाय लागल्यात. मला आता गप बसवंना. सांगू का बायकास्नी?"

पलीकडे मागांचा खडखडाट ऐकू येत होता. मग ते बाहेर आले असावेत, आवाज कमी झाला.

"माझ्यापायी लई ऐकून घेतलंस," ते म्हणाले. "सांग. ती तुझीबी गोष्ट हाय की."

सिनेमा सुटल्यावर सगळ्या रंकाळा तळ्याकाठी भेळ खायला बसल्या, तिथं काकींनी सांगितलं. त्या रविवारपासून कोर्टापर्यंत, काही न लपवता. कुणी भेळेला हात लावेना. एक बाई पदर सावरत उठून गेली आणि तेव्हापासून तिचं दळण दुसऱ्या गिरणीत जातं. रूपालीनं काकींचा हात धरला.

शेवंताबाई काकींच्या जवळ सरकल्या. "मी तुला काय काय बोललो गं," त्या म्हणाल्या.

"बोललासा की. समदं ध्यानात हाय माझ्या."

"मग आता?"

"आता भेळ खावा. मऊ पडाय लागली."

पुढच्या आठवड्यात उदयसिंहांनीच फोन करून सिनेमा दाखवायला नेशील का, असं विचारलं. दोघं शेजारी बसले. थेटर जवळजवळ रिकामं होतं. पलंगाचा प्रसंग आला तसे उदयसिंह डोळे पुसायला लागले. "तुझंबी असंच झालं असणार," ते म्हणाले. काकी म्हणाल्या, "व्हय, झालं. पर आता बघा की पुढं, ती बाई नोकरीला लागतीया."

उन्हाळ्यात अनुजाचं लग्न झालं. कन्यादानाला आईबाप दोघंही पाटावर बसले. पंगतीत पांढरा सदरा घातलेले एक उंच गृहस्थ लगबगीनं आमटी वाढत होते. ते राजवर्धन, कबनूरला उदयसिंहांसोबत राहतात. शेवंताबाईंनी काकींना गाठलं.

"ते पावणं कोण गं?"

"ह्यांच्या घरचे हायत."

शेवंताबाईंनी एकदा उदयसिंहांकडं पाहिलं, एकदा त्या गृहस्थांकडं.

"घरचा माणूस आन् मघापासनं वाढाय लावलाईस व्हय?" त्या म्हणाल्या, आणि स्वतःच पुढं होऊन त्यांच्या हातातली आमटीची बादली घेतली. "बसा वो पावणं, पान मांडलंय."