वाचून दाखवला, समजला, मान्य आहे

लातूरला दोन वर्षं डॉक्टर व्हायची तयारी केली आणि मग नांदेडला कायदा शिकायला गेले. आमच्याकडे या वाटेनं जाणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. ते सगळ्यांना ठाऊक असतं. अहमदपूरच्या बाजारात लोक अप्पांना विचारायचे, "पोरगी काय करून राहिली?" अप्पा म्हणायचे, "वकिली शिकती." समोरचा मयतीला आल्यासारखा आवाज काढून म्हणायचा, "असू द्या. ते बी चांगलंच हाय."

लातूरची ती दोन वर्षं मी आत्याकडे राहिले. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर तिनं क्लासच्या मुलींसाठी खानावळ काढली. तिच्या स्वयंपाकघरात, कुणीतरी जाताना सोडून दिलेला माणसाच्या पचनसंस्थेचा तक्ता टांगलेला होता आणि बरोबर त्याच्याखाली भाकरीची दुरडी. दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा घरी फोन करायचं मला धाडस होईना. आत्यानंच केला. "नापास न्हाई झाली, नंबर लागला न्हाई," असं अप्पांना बजावून तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "तुला बोलायला लई आवडतं. त्याचंच काही शिकता येतं का बघ."

करिअर मार्गदर्शन म्हणतात ते मला एवढंच मिळालं. पुढं कॉलेजात ते दरवर्षी मिळत गेलं, पण शालीसकट. मंचावर जितके पाहुणे तितके सत्कार, आणि पाहुण्यांचा सत्कार झाला की संस्थेच्या लोकांचा पाहुण्यांच्या हस्ते. नांदेडच्या उन्हात खांद्यावर शाल घेऊन बसलेला माणूस कायद्याबद्दल बोलायला उभा राहतो तेव्हा लवकर आटोपतो, हा त्या पद्धतीचा फायदा. तरी संधींची यादी लांबच असे. न्यायाधीश व्हा, सरकारी वकील व्हा, बँकेत विधी अधिकारी व्हा, कंपनीत जा, स्पर्धा परीक्षा द्या, प्राध्यापक व्हा. ऐकताना वाटायचं, कायदा शिकून एक बाळंतपण तेवढं करता येत नाही. माझ्या खोलीत राहणारी भोकरची मुलगी न्यायाधीशाच्याच परीक्षेचं मनावर घेऊन बसली होती. कारण विचारलं तर म्हणाली, "न्यायाधीशाला कुणी 'पुढं काय' म्हणून विचारत न्हाई."

मला मात्र पुढं काय हे माहीत नव्हतं. गावाला ते माहीत होतं. प्रवेश घेतला त्याच आठवड्यात मला पहिली केस आली. एका शेजाऱ्याच्या नालीचं पाणी दुसऱ्या शेजाऱ्याच्या भिंतीत मुरत होतं. मी अजून पुस्तकंही घेतली नव्हती. दोन्ही शेजारी वेगवेगळ्या वेळी येऊन गेले आणि दोघांनाही मी "बघू" म्हणाले. दोघंही समाधानानं परतले. वकिलीचा धंदा चालतो कसा, याचा थोडा अंदाज तेव्हा आला.

चौथ्या वर्षी दस्तलेखनाचा विषय आला. तो शिकवणारे सर सकाळी कोर्ट करून यायचे, सदऱ्याची कॉलर काळवंडलेली, आवाज बसलेला. सत्काराच्या वेळी ते हमखास चहा प्यायला बाहेर असत, म्हणून मला आवडायचे. त्यांचं एक सांगणं असे. "दस्तात शोभेचा शब्द ठेवायचा नाही. शोभेचा वाटला तर काढा. ठेवला तर पाळा." मी ते वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलेलं वहीतच ठेवावं, एवढा व्यवहार मला तेव्हा कळत नव्हता.

त्याच वर्षी घरी हक्कसोडपत्राचं निघालं. आजोबांची गावाच्या कडेला एक जागा होती. गाव वाढत वाढत तिच्यापर्यंत आलं, जागा बिगरशेती झाली, समोरून चांगला रस्ता गेला. आजोबा गेल्यावर कागदावर तिघांची नावं लागली: आत्या, अप्पा आणि काका. अप्पा आणि काकांची आडत आहे. त्यांना तिथं गोदाम बांधायचं होतं, आणि बँकेला मालकी फक्त दोघांची हवी होती. म्हणजे आत्यानं आपला हिस्सा सोडून दिल्याची सही करायची.

आमच्या भागात हे इतकं ठरलेलं असतं की त्याची चर्चा होत नाही. बहीण येते, सही करते, साडी घेते, पुरण जेवते आणि परत जाते. सही न केलेली बहीण मला एकच माहीत होती, अप्पांची चुलत बहीण. तिला तिचा हिस्सा मिळाला. त्यानंतर पंचमीला तिला न्यायला कुणी गेलं नाही, आणि लग्नाच्या पत्रिका तिच्या दारावरून पुढं जाऊ लागल्या. तेव्हा व्यवहार सरळ होता. जागा ठेवायची की माहेर, दोन्हीतलं एक.

अप्पा म्हणाले, "बाहेरचा माणूस कशाला? घरची वकील हाय." मी हरखले. लिहायला बसण्याआधी आत्याला फोन केला, कायद्यानं तिचा हिस्सा भावांइतकाच आहे हे सांगितलं आणि विचारलं, सही करायची आहे ना? मागं कुकरची शिट्टी झाली. "मी काय जागा डोक्यावर घेऊन जाऊ? करती सही. तू जेवलीस का?" मग मी मन लावून मसुदा केला. चारही दिशांच्या सीमा लिहिल्या, हिस्सा अक्षरात आणि आकड्यात लिहिला, आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य: दस्त मला वाचून दाखवला, समजला व मान्य आहे.

सहीच्या दिवशी आत्या लातूरहून एसटीनं आली, मांडीवर धपाट्यांचा डबा घेऊन. निबंधक कार्यालयाच्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली दस्तलेखकाचं टेबल होतं. त्याच्या प्रिंटरवर कागद निघाले. आत आमचा नंबर यायला वेळ होता. काकांनी पेन काढून आत्याच्या हातात दिलं. "कर आक्का, जिथं खूण हाय तिथं."

मी म्हणाले, "आधी वाचून दाखवायचं हाय."

"कुणाला?" काका म्हणाले.

"आत्याला. खाली लिहिलंय तसं, वाचून दाखवला म्हणून."

दस्तलेखकानं चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, ते समद्यांच्याच कागदावर असतंय. म्हणून काय कुणी वाचत बसतं का?"

"मग ते काढून टाका."

"काढलं तर आत घेत न्हाईत."

"मग वाचते," मी म्हणाले. सरांचं वाक्य डोक्यात होतं, आणि चारचौघांत आपला मसुदा मोठ्यानं वाचायची हौसही असणार. अप्पांनी घड्याळाकडे बघून मान हलवली. वाच बाई, पण आटप.

मी वाचू लागले. पूर्वेला कुणाची जागा, पश्चिमेला रस्ता, उत्तरेला विहीर. विहिरीपाशी आल्यावर आत्यानं डबा मांडीवरून बाकावर ठेवला. एक-तृतीयांश अविभक्त हिस्सा. मग ती लांबलचक ओळ आली: "सदर हिस्सा मी माझ्या भावांच्या हक्कात, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण स्वखुशीने कायमचा सोडून देत आहे."

"थांब," आत्या म्हणाली. "काय म्हणलीस? स्वखुशीनं?"

"हाव."

"म्हंजे माझ्या खुशीनं?"

"हाव आत्या."

"असं लिवावंच लागतंय का?"

"लागतंय."

आत्यानं पेनाचं टोपण लावलं आणि ते काकांच्या खिशात अडकवलं, शाळेत जाणाऱ्या पोराच्या खिशात अडकवावं तसं. "मग आज न्हाई होत. सही म्हणला असतात तर केली असती. खुशी आज न्हाई. सकाळपासून कंबर दुखून राहिली, आणि मला हे कुणी विचारलं बी न्हाई. खुशी झाली की कळवती."

"अगं आक्का, ती निस्ती लिवायची पद्धत हाय!" काका म्हणाले.

"ही म्हणती, लिवलं तर पाळायचं," आत्या म्हणाली. मी तिला असं काही म्हणाले नव्हते. माझ्या सरांचं वाक्य तिला कुठून कळलं, देव जाणे. तिनं धपाटे आम्हा सगळ्यांना वाटले, दस्तलेखकालाही दिले, रिकामा डबा पिशवीत घातला आणि ती दुपारच्या गाडीनं निघून गेली.

"शिकवा," काका अप्पांना म्हणाले. "अजून शिकवा."

त्यानंतर अप्पा माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. आत्याचा फोन आला की ते आईकडे द्यायचे. गोदामाच्या जागेवर आणून टाकलेल्या खडीत गवत उगवलं. मी नांदेडला परतले आणि भोकरच्या मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती जेवणाचं ताट घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "आता पंचमीला तिला आणायला जातील का?"

प्रश्न तोच होता. जागेचं काय व्हायचं ते कधीतरी झालंच असतं. पंचमी श्रावणात होती.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी घरी गेले. काका सकाळीच येऊन बसले, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. अप्पांना म्हणाले, "या वर्षी जाऊ नगं. तिची ती येऊ दे, यायचं असलं तर." आईनं अप्पांपुढं इस्त्रीचा सदरा आणून ठेवला. आई घरातल्या कुठल्याही वादात बोलत नाही. ती असा सदरा वगैरे आणून ठेवते. अप्पांनी सदऱ्याकडे बराच वेळ बघितलं, मग घातला, आणि लातूरच्या गाडीला गेले.

दुपारी दोघं आले. मी आत्याला हळूच विचारलं, गाडीत काय बोलणं झालं? "तुरीचं," ती म्हणाली. "चाकूरपर्यंत तुरीचं आणि पुढं त्याच्या गुडघ्याचं."

दुसऱ्या दिवशी पंचमीची जेवणं झाल्यावर काका सुपारी कातरत होते. अप्पांनी घसा साफ केला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं विचारताना पहिल्यांदा ऐकलं. "आक्का, तुझ्या मनात काय हाय ते सांग. तुला काय पाहिजे?"

आत्याला जास्त विचार करावा लागला नाही. "रस्त्याकडचं समदं तुम्ही घ्या. गोदाम बांधा, बँकेला दावा. मला विहिरीकडची बाजू द्या, दोन खोल्या होतील एवढी. पोळ्या लाटून हात गेले की मी तिथं येऊन राहीन."

"दोन खोल्या आमच्या घरात न्हाईत व्हय?" काका म्हणाले. त्यांना खरोखर लागलं होतं. "तुला कुणी नगं म्हणलं?"

"हायत की. पण त्या तुमच्या हायत," आत्या म्हणाली. "इथं मी पंचमीला येईन, तू न्यायला आलास तर. विहिरीपाशी मला न्यायला कुणाला यावं लागणार न्हाई."

काकांची अडकित्त्यातली सुपारी तशीच राहिली. त्यांनी विचारलं, "विहिरीचं पाणी कुणाचं मग?" भांडण संपलं ते त्या प्रश्नापाशी, कारण पाण्यावर बोलायचं तर जागा दिलीच असं धरून बोलावं लागतं.

हक्कसोडपत्राऐवजी मी वाटणीपत्र लिहिलं आणि या वेळी मसुदा सरांना दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, "पाण्याचा हक्क राहिलाय." काकांनी पंचमीलाच विचारलं होतं ते; सरांचा नमस्कार मी त्यांना सांगायला हवा होता.

परत तेच लिंबाचं झाड, तेच टेबल. दस्तलेखकानं कागद माझ्या हातात दिले आणि स्वतःच बाक पुसला. काका पेन खिशातून काढायला लागले तेव्हा अप्पा म्हणाले, "थांब की. आधी ती वाचती." मी वाचलं. काकांनी पाण्याची ओळ दोनदा वाचायला लावली. आत्यानं स्वखुशीच्या ओळीला मान हलवली आणि म्हणाली, "हां, हे आता बरोबर हाय." मग तिनं सही केली, शाळेतल्यासारखी, प्रत्येक अक्षर सुटं.

आत नंबरासाठी बसायला निघालो तोवर शेजारच्या टेबलावरची एक म्हातारी उठून माझ्याजवळ आली. तिचे दोन मुलगे तिच्यासाठी शाईचा पॅड उघडून बसले होते. तिच्या हातात कागद होता, उलटा धरलेला.

"माय, आमचं बी वाच की."

"आजी, मी अजून वकील न्हाई," मी म्हणाले. "अजून परीक्षा हाय, मग सनद मिळती."

तिनं कागद सरळ केला आणि माझ्या हातात दिला.

"वाचायला बी सनद लागती व्हय?"