खात्रीकाका आणि पाणंद

जॉन्सनव्हिलच्या मराठी मंडळींत त्यांना खात्रीकाका म्हणत. कोणी काहीही सांगितलं की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "खात्री काय?" हवामानाच्या अंदाजाबद्दल विचारत, डेअरीतल्या ब्रेडवरच्या तारखेबद्दल विचारत, मी पत्रकार असल्यामुळे माझ्या बातम्यांबद्दल तर हटकून. पुण्यात औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासण्यात त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर मुलाकडे न्यूझीलंडला आले, तरी तपासणी थांबली नाही.

काकू शनिवारच्या भजनात एका जुन्या संतकवीची पदं गात. त्यातल्या एका पदात 'पाणंद' हा शब्द येतो, आणि तिच्यात चिखल असतो. आम्ही सगळे शहरात वाढलेले. भजन घेणाऱ्या गृहस्थांनी अर्थ सांगितला, "मूळ शब्द प्राणानंद. अक्षरं झिजली." सगळ्यांनी माना डोलावल्या.

"प्राणानंदात चिखल कसा होईल?" काकांनी विचारलं.

त्या दिवसापासून भजनानंतरचा चहा त्यांच्यापर्यंत शेवटी पोहोचू लागला.

काकूंना त्या कवीचं गाव पाहायचं होतं. तिकिटं काढायच्या सुमारास त्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. मी सप्टेंबरात भारतात निघालो होतो. काकू म्हणाल्या, "यांना घेऊन जा. एकटे गेले तर वेशीवरच भांडून परत येतील." मग नवऱ्याला म्हणाल्या, "मला हात लावायला तिथलं काहीतरी आणा. पण खरं असलं तरच. तुम्ही खरं म्हणालात तर मी मानीन."

कवीचं राहतं घर म्हणून जे दाखवतात, त्याला फरशी आहे आणि बाहेर पादत्राणांचं कपाट. व्यवस्थापक आम्हाला परसात घेऊन गेले. "या पेरूखाली बसून पदं रचली."

"पेरू पोर्तुगीजांनी आणला," काका म्हणाले. "तोपर्यंत तुमचे कवी जाऊन शतकं लोटली होती."

"झाडाचं वय कोण विचारतं, काका? भाव बघायचा."

"भावाची तपासणी मला येत नाही."

घरातल्या पवित्र मातीच्या पुड्या दारात मिळत होत्या. काकांनी एक हातात घेतली, उलटी करून पाहिली, परत ठेवली. गाडीत बसल्यावर चष्मा पुसला. मग म्हणाले, "तिला काय सांगू?"

कवी नदीकाठच्या ज्या खडकावर बसत, तो तेवढा पाहायचा राहिला होता. तिकडे वळताना शेतांमधल्या वाटेच्या तोंडाशी ग्रामपंचायतीची पाटी दिसली: 'पाणंद रस्ता. काम पूर्ण.' काकांनी गाडी थांबवायला लावली. पाटीपलीकडे दोन्ही बाजूंना कुंपण आणि मधे बैलगाडीच्या चाकोऱ्यांत घोटाभर चिखल. त्यांनी पाटी वाचली, चिखल पाहिला, पुन्हा पाटी वाचली.

"पाटी खोटं बोलते," ते म्हणाले. "पद खरं बोलतं." आणि बुटांसकट आत उतरले.

खडकापर्यंत आम्ही गेलोच नाही.

न्यूझीलंडमध्ये बाहेरची माती आणू देत नाहीत. ऑकलंडच्या विमानतळावर त्यांनी तपासणीच्या फॉर्मवर मातीसमोर 'हो' अशी खूण केली. मी कानाशी म्हटलं, "काका, चिखलाचे बूट बॅगेत आहेत. कोण बघणार?"

"खोटं लिहून नेलेली माती तिच्या हातात देऊ?"

अधिकारी तरुणी "किया ओरा" असा तिथला नमस्कार करून बूट आत घेऊन गेली आणि तिने ते ब्रशने घासून, धुऊन परत आणले. "स्वीट ॲज," ती म्हणाली, म्हणजे सगळं ठीक. बूट विकत घेतले तेव्हाही इतके स्वच्छ नसावेत.

घरी पोहोचताच काकूंनी विचारलं, "घर खरं आहे का हो?"

"नाही वाटत." मग काकांनी पाणंद म्हणजे काय ते सांगितलं आणि विमानतळावरचंही सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी चिखल गात होते," काकू हसल्या. "द्या इकडे ते बूट."

मांडीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी एक बूट उलटा ठेवला आणि तळव्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. टाचेपाशी बोट थांबलं.

"इथे थोडी राहिलीये."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं. मला काहीच दिसत नव्हतं. त्यांनाही दिसत नसणार.

"असेल," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुढच्या हिवाळ्यात काकू गेल्या.