वंदना संपेपर्यंत

आमचा विहार म्हणजे विटांच्या चार भिंती, पत्र्याचं छप्पर आणि आत बुद्धाची मूर्ती. बेलापूरच्या एका मोकळ्या प्लॉटवरचा राडारोडा उपसून मराठवाड्यातून आलेल्या आमच्या लोकांनी तो उभा केला. पुढची बाग आत्याची. मोगरा, अबोली, गुलाब, आणि कोपऱ्यात बोधिवृक्ष म्हणून लावलेला पिंपळ. दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून धुण्याचं पाणी बादलीने उतरवून तिने ती जगवली. पलीकडच्या सेक्टरात भर फुटपाथवर देऊळ उठलं, त्याला नोटीस नाही. आम्हाला आली. का, म्हणून विचारलं की साहेब लोक फाइल चाळतात.

पाडायला गाडी यायची होती त्या सकाळी आत्याचा मुलगा स्टे आणायला ठाण्याच्या कोर्टात गेला. तो परतेपर्यंत विहार टिकवायचा होता. मी म्हणाले, "गाडीपुढे आडवं पडू."

"पड. पोलीस उचलून नेतील, अन् मग?" आत्या म्हणाली. "पांढरी साडी नेस आणि वंदनेला बस."

अतिक्रमणवाल्यांचा साहेब दारात आला. आत सगळ्या बायका हात जोडून बसलेल्या. "प्रार्थना होऊ दे, मग बाहेर या," तो म्हणाला. म्हणजे वंदना चालू तोवर विहार उभा. त्रिसरण, पंचशील, बुद्धपूजा. एक गाथा संपते न संपते तोच आत्या दुसरी उचलायची. सगळ्या संपल्या, तेव्हा तिने परत पहिली धरली.

"अजून किती?" साहेबाने विचारलं. आत्याने पुढची गाथा धरली.

मग त्याला सुचलं. "आतलं राहू दे. बाग काय प्रार्थना करत नाय. ती घ्या काढून."

फावडी चालली. मोगरा मुळासकट वर आला. मी उठायला लागले तशी आत्याने माझं मनगट धरलं. तोंडात गाथा, डोळे बाहेर, नखं माझ्या कातडीत. आम्ही उठलो तर वंदना मोडणार, आणि वंदना मोडली की विहार जाणार. बघत बसलो. आवाज मात्र चढत गेला. करुणेची गाथा शिवीसारखी म्हणता येते, हे मला तिथे कळलं.

शेजारच्या दिवाळे गावातली एक कोळीण टोपली घेऊन चालली होती, ती थांबली. तिला कुठे वंदना मोडायची भीती? "काय रं, या झारांनी तुमचा काय खाल्लाय?"

"मावशी, पुढे व्हा."

"मी कुठं जायाचा ते तू नको सांगू."

शेवटी पिंपळ उरला. मुकादमाने कोयता खाली ठेवला. "याला हात नाय लावनार, साहेब. मुंजा असतो."

"एवढ्याशा रोपात कसला मुंजा?"

"मग पहिला घाव तुमी घाला."

साहेबाने कोयता उचलला, पिंपळाकडे पाहिलं, आणि मुकादमावरच ओरडत राहिला. अंधश्रद्धेविरुद्ध मी नाक्यानाक्यावर बोलते. त्या वेळी मनात म्हणत होते, भांडा, आणखी भांडा.

ते भांडत असतानाच आत्याचा मुलगा धावत आला. स्टे मिळाला होता. साहेबाने कागद उलटसुलट पाहिला आणि माणसांना गाडीत बसायला सांगितलं.

आत्याने गाथा पुरी केली, मगच उठली. पाय बधिर झालेले. माझ्या खांद्याचा आधार घेत ती उपटलेल्या रोपांमधून थेट जीपपाशी गेली.

"साहेब, बागेचा स्टे कुठल्या कोर्टात मिळतो?"

"बाई, आम्ही हुकमाचे ताबेदार," म्हणत त्याने काच वर केली.

आमच्यातल्या कुणीतरी विजयाची घोषणा द्यायला सुरुवात केली. मी साथ दिली नाही.