हिवराच्या शेंगा

आपली मेंढरं विकून मेंढपाळ मामा तासगावजवळच्या एका बेदाणा शेडवर राखणीला आले. रविवारी आम्ही चौघं रानफुलं बघायला डोंगरावर निघालो, की तेही काठी घेऊन पुढं चालू लागतात. आम्ही पुस्तकातली नावं सांगतो. ते झाडाची ओळख मेंढरांच्या आवडीनिवडीवरून करून देतात. तरवड दिसला की म्हणतात, "ह्याला तोंड लावत न्हाईत." बोराटी दिसली की, "ही घावली की जागची हलायची न्हाईत." एकदा दुर्मीळ कंदीलपुष्प सापडलं. आम्ही हरखून गुडघ्यांवर बसलो, तर ते ओशाळून हसले. "माज्या मेंढरांनी लय खाल्लंय ह्ये."

गेल्या उन्हाळ्यात आम्ही डबे सोडत असताना खाली कुणाचा तरी कळप दिसला. मामा लगेच उतरून गेले. काठीनं हिवराची फांदी वाकवून त्यांनी जोरात हलवली. शेंगा टपटप पडल्या तशी मेंढरं त्यांच्याभोवती जमली. ते एकेकाच्या पाठीवरच्या लोकरीत बोटं खुपसत उभे राहिले.

कळपाचा मालक ओरडला, "आवं मामा, सोडा की आता! लांब जायचंय आमाला."

कळप वळणाआड गेला तरी ते तिथंच होते. बऱ्याच वेळानं वर आले. मी पाण्याची बाटली पुढं केली. "हात धुवा मामा, जेवू या."

त्यांनी दोन्ही तळहात नाकाशी नेले आणि डोळे मिटले.

"तुमी जेवा," ते म्हणाले. "धुतलं की वास जाईल."