काचेखालचा पाटा

माझ्या मावशीवर अन्याय झाला. १९९१ च्या जूनमधल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी पावणेतीनला, बाथ शहरात, आपल्याच मंडळाच्या सहलीत. कमलमावशी. वय बावन्न, कार्डिफच्या हॉस्पिटलात वॉर्डांची साफसफाई करते. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून काही जण म्हणतील, सुजाता भुताच्या गोष्टी सांगायला लागली.

आम्ही बौद्ध. भूत, भानामती, अंगात येणं... ह्या सगळ्याविरुद्धची पत्रकं मी स्वतः फोटोकॉपी करून वाटली आहेत, तुमच्यातल्या काहींच्या लेटरबॉक्समध्येही टाकली आहेत. माझं मत आजही तेच. पण जे पाहिलं ते पाहिलं.

कोच सकाळी आठला कार्डिफहून निघाला, सेव्हर्न नदी ओलांडून साडेनऊला बाथ. रोमन लोकांची स्नानगृहं बघून झाली, दुकानांनी भरलेला पूल बघून झाला, नदीकाठी बसून पोळी-बटाट्याची भाजी झाली. मग जवळच्याच एका जुन्या, श्रीमंत घरात गेलो. तिथे आता म्युझियम आहे. तळघरात त्यांचं स्वयंपाकघर. दोरीपलीकडे, चुलीशेजारी जमिनीवर एक काळा चौकोनी दगड, त्यावर दुसरा लांबट. खाली लिहिलेलं — पूर्वेकडून आणलेला दगड, उपयोग अज्ञात.

"अहो, पाटा-वरवंटा आहे हा," मावशी म्हणाली.

"कमलताई, तिकीट काढून पाटा बघायला आलो होय आपण?" मंडळाचे सेक्रेटरी काका म्हणाले. "घरचा मिक्सर बिघडलाय का?"

सगळे हसले. मावशी मात्र दोरीच्या अलीकडे गुडघ्यांवर बसून बघत राहिली.

"सुजाता, इकडे ये. ह्याला टाकी लावलीय. ताजी."

पाटा वापरून गुळगुळीत झाला की छिन्नीने बारीक खाचा पाडून तो पुन्हा खरखरीत करतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. माझे आजोबा गावोगाव फिरून हेच काम करायचे, आणि लहानपणी मावशी त्यांच्यासोबत असायची. मी वाकून पाहिलं. खाचा पांढऱ्याशुभ्र, बाजूला दगडाची पूड. डावा अर्धा भाग झालेला, उजवा अजून गुळगुळीत.

"काम अर्ध्यावर टाकलंय बघ," मावशी म्हणाली. "बाबांनी असं ठेवलं नसतं."

शंभरेक वर्षं कोणी न वापरलेल्या दगडाला टाकी कोण लावतंय? मला कुतूहल वाटलं, म्हणून खोलीत देखरेखीला बसलेल्या बाईंना मीच विचारलं. चूक माझी. त्या आल्या, पूड पाहिली, आणि मला उत्तर न देता मावशीकडे वळल्या.

"तुम्ही काय केलंत ह्याला? बॅग रिकामी करा."

मावशीने केली. थर्मास, रिकामा डबा, कार्डिगन, हॉस्पिटलचा पास. छिन्नी नाही, हातोडी नाही, नेलफाइलसुद्धा नाही. तरी नोंदवहीत लिहिलं गेलं — वस्तूचं नुकसान — आणि पुढे मावशीचं पूर्ण नाव. मी भांडले. शेवटी बाईंनी सगळ्यांना विचारलं, ह्या बाई दोरीच्या आत गेल्या नाहीत असं कोणी सांगेल का? मी सांगितलं. नातेवाइकाचं चालणार नाही म्हणाल्या. त्या खोलीत मंडळाचे आणखी दहा जण होते. दहाही जण तांब्याची भांडी बघत राहिले.

"सोड ना गं," काका माझ्या कानात म्हणाले. "कोच थांबलाय."

सहा आठवड्यांनी मी एकटी ट्रेनने परत गेले. भांडायला म्हणून, पण खरं तर तो दगड डोक्यातून जात नव्हता. आता त्याच्यावर काचेची पेटी होती, जमिनीला स्क्रूने घट्ट बसवलेली. मी वाकले. उजवा भागही झाला होता. कडेपर्यंत, एकसारख्या ओळी. काचेच्या आत, नव्या काळ्या कापडावर, पांढरी पूड.

त्याच बाई बसल्या होत्या. मी काही म्हणायच्या आतच त्या हळू आवाजात बोलल्या. "पेटी तुम्ही गेलात त्याच आठवड्यात बसवली. किल्ली ऑफिसात असते. रोज सकाळी मी बघते. एखादी ओळ वाढलेली असायची. मला विचारू नका."

"मग माझ्या मावशीचं नाव खोडा."

"वहीतलं मला खोडता येत नाही. ऑफिसातल्या लोकांना साक्षीदारांचं लेखी म्हणणं लागेल. घरच्यांचं नाही."

किल्ली असलेल्या कोणाची तरी थट्टा असेल? मी हेही मनात घोळवून पाहिलं. पण मावशीला त्या ओळींचा कागदावर काढलेला नमुना दाखवला, तर ती म्हणाली, हा शिकलेला हात आहे, थट्टेत असं जमत नाही. मग तिने कागद घडी करून परत दिला. "त्याचं काम झालं, बरं झालं. माझं नाव आहेच का अजून तिथं?"

आहेच. तेव्हापासून तिने मंडळात येणं सोडलंय. म्हणते, मी शेजारी बसले की बायका पर्स मांडीवर घेतात.

टाकी कोणी लावली, मला माहीत नाही. ह्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि तुमच्याकडे मी ते मागतही नाही. पण तुम्ही दहा जण मंडळाचा हा अंक वाचताय. मावशी दोरीच्या अलीकडे होती आणि तिचे हात रिकामे होते, हे बघायला काही विशेष ज्ञान लागत नव्हतं. तेवढंच एका कागदावर लिहा, इंग्रजीत, खाली सही आणि पत्ता. येत्या रविवारी मी मंडळाच्या हॉलच्या दाराशी उभी असेन. कागद माझ्या हातात द्या, मगच आत जा.