सशाचे पाय

लढाई संपली त्या थंडीत भिंगारच्या छावणीतले गोरे साहेब एकेक करून विलायतेला जायला निघाले. माझे वडील छावणीतल्या घोड्यांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, हे त्यांचं काम. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. जाणाऱ्या एका मडमेनं त्यांच्या हाती पिंजऱ्यासकट एक पांढरा ससा दिला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

पिंजरा चांगला सागवानी होता. घाण खाली पडावी म्हणून तळाला तारेची जाळी. गल्लीतल्या मुली बघायला जमल्या आणि मी ऐटीत दार उघडलं. ससा बाहेर येईना. मेथी दाखवली, छावणीतून आणलेला हिरवा घास दाखवला. मान लांब करून त्यानं जेवढा तोंडाला आला तेवढा घास खाल्ला आणि परत कोपऱ्यात अंग चोरून बसला. मुली हसल्या. मला राग आला. मी त्याला कान धरून ओढून काढलं, तेव्हा तो ओरडला. सशाला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. खाली सोडताच तीन उड्यांत तो पुन्हा पिंजऱ्यात गेला.

त्याच महिन्यात माझी थोरली बहीण आक्का माहेरी आली होती. सतरा वर्षांची. पुणतांब्याला दिलेली. पहिलं बाळ जन्मताच गेलं, त्याला तीन महिने झाले होते. सासरे तिला टांग्यातून दारात उतरवून गेले. "तब्येत बरी न्हाई तिची. महिन्याभरानं न्यायला येतो," एवढंच म्हणाले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

आक्का आतल्या खोलीत बसून राहायची. दोन्ही पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. नदीकाठच्या चिखलानं चिखल्या झाल्यात, असं तिनं आईला सांगितलं होतं.

"चिखल्या काय आमाला हुत न्हाईत?" आई म्हणायची. "ऊठ, आडावरनं पानी आन. अशी बसून राह्यलीस म्हनूनच त्यांनी आनून घातली तुला."

आक्का उठायची नाही. बसल्या बसल्या सरकत चुलीपर्यंत जायची आणि भाकरी थापायची.

एका रविवारी दादा घरी होते. मी सशाची तक्रार केली. "माजलाय तो. खायला पाहिजे, पण बाहेर येत न्हाई."

दादांनी दोन्ही हात घालून सशाला अलगद उचललं, मांडीवर उताणा धरला आणि मागच्या पायांवरच्या केसांवर फुंकर मारली. टाचेखालचे केस झडून गेले होते. कातडी लाल, मधोमध फुटलेली, आणि भेगेत पू.

"ये, बघ," ते म्हणाले. "जाळीवर बसून बसून तळवे सोललेत. जनावर चालत न्हाई म्हनलं की आधी त्याचा पाय बघायचा. मारायचं न्हाई, ओढायचं न्हाई. दुखतंय म्हनून बसतंय ते."

त्याचे कान धरून ओढलं होतं, ते मी सांगितलं नाही. दादांनी काळ्या मलमाची डबी उघडली, सशाला पट्टी बांधली. मग जाळीवर फळी टाकली आणि वर वाळलं गवत पसरलं.

आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी आक्का येऊन बसली होती. कधी आली कळलं नाही. तिनं चिंध्या सोडल्या आणि दोन्ही पाय पुढं केले.

"दादा," ती म्हणाली, "माझंबी बघा."

तळव्यांवर आडवे डाग होते. उलथण्याच्या पात्याएवढे. काही वाळलेले, काही ओले.

आई चुलीपासून उठून आली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली. दादांनी विचारलं, "कुनी?"

"सासूनं. न सांगता टेसनावर गेल्ते म्हनून. हिकडं यायचं हुतं मला."

दादांनी आईला पाणी गरम करायला सांगितलं. घोड्याची जखम धुवावी तसे सावकाश त्यांनी तिचे पाय धुतले आणि त्याच डबीतलं मलम लावलं.

महिन्यानं सासरे आले. मला वाटलं, दादा त्यांना हाकलून देतील. दादांनी त्यांना घोंगडी टाकून बसवलं आणि म्हणाले, "पाय भरलं की धाडतो." मुलगी कायमची घरी ठेवतो, हे म्हणायची हिंमत त्यांना झाली नाही. आमच्या घरात तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

पाय भरेनात. दादा रोज सकाळी पट्टी बदलायचे. एका दुपारी आई बाहेर गेली होती तेव्हा मी पाहिलं, आक्का पट्टी सोडून नखानं खपल्या काढत होती. डोळे मिटलेले, ओठ दातांत धरलेले. मला बघून म्हणाली, "दादांना सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पण घोड्यांच्या जखमा बघण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना रोज उकरलेली जखम ओळखू येत नव्हती असं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडल्यावर ते बराच वेळ तळव्याकडं बघत राहिले. मग नेहमीसारखं मलम लावलं. सासऱ्यांचा निरोप आला की सांगायचे, "आजून वली हाय."

ससा फळीवर बरा झाला. सकाळी अंगणात चार पावलं यायचा, खुट्ट झालं की आत. चैत्रातल्या उन्हाळ्यात तो गेला. मी त्याला आडामागं पुरलं.

आषाढात पुणतांब्याहून कळलं की आक्काच्या नवऱ्याला दुसरी बायको केली. ते ऐकून आक्का पहिल्यांदा पोटभर जेवली. पण तोवर उजवा पाय घोट्यापर्यंत सुजला होता आणि तिला ताप भरला. दादांनी तिला टांग्यात घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होते. तिथं तिच्या त्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

डॉक्टर दादांवर खेकसले. "तुम्ही ड्रेसर ना? सहा महिने ही जखम घरात कुजत ठेवली? जनावरांची तरी इतकी हयगय करता का?"

आक्का खाटेवर शुद्धीत होती. तिनं तोंड उघडलं, पण दादांनी हातानंच तिला थांबवलं. डोक्यावरची टोपी काढून ते डॉक्टरांपुढं उभे राहिले.

"चुकलं साहेब," ते म्हणाले. "माझ्या ध्यानात आलं न्हाई."